राईतून आणलेला आवाज

आमच्या ऑफिसात माणसं तीन, खुर्च्या दोन आणि प्रोजेक्ट चालला जेमतेम एक वर्ष. पण किस्से विचाराल तर लग्नाच्या पंगतीत मी एक सांगायला घेते आणि मठ्ठ्याचा दुसरा राउंड येऊन जातो तरी माझं संपत नाही. सुरुवातीला लोक खूप हसतात. मग कमी हसतात. शेवटी कुणीतरी वाटी खाली ठेवून विचारतं, "पण मॅडम, हे खरं का?" आता मी काय सांगू? घडलं तसं सांगते, एवढंच माझ्या हातात आहे.

आधी माणसं सांगते. मी बॉटनी शिकवते, तीही तासिका तत्त्वावर. म्हणजे कॉलेजला सुट्टी लागली की माझा पगारही सुट्टीवर! त्यामुळे फिनलंडची एक संशोधक बाई वर्षभरासाठी कोल्हापुरात येतेय, तिला स्थानिक मदतनीस हवी, असं कळल्याबरोबर मी अर्ज टाकला. बाईंचं नाव हेल्मी. तिसरे शामूअण्णा. जीपचे मालक, ड्रायव्हर आणि स्वतःच्या मते प्रोजेक्टचे प्रमुख.

*

हेल्मी बर्फातून निघाली ती थेट मे महिन्यातल्या कोल्हापुरात उतरली. पहिल्या आठवड्यात ती तीन गोष्टी शिकली. पंखा पाचवर ठेवायचा, लाइट गेली की आधी शेजाऱ्यांची गेलीय का ते बघायचं, आणि हॉटेलात "थोडं तिखट" असं कधीही म्हणायचं नाही.

अण्णांनी तिला गंगावेशीत दूध प्यायला नेलं. कट्ट्याला म्हशी बांधलेल्या, समोरच धार काढली आणि फेसाळता ग्लास हातात दिला. हेल्मीने ग्लासकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं आणि पुस्तकातून शिकलेल्या मराठीत म्हणाली, "यात प्लास्टिक नाही. ट्रक नाही. फ्रिज नाही. हे आदर्श आहे!"

म्हशीचा मालक म्हणाला, "साखर बी न्हाई, पावणं. प्या गप!"

प्यायली. दुसरा ग्लासही मागितला. त्या दिवसापासून अण्णा तिला आपली समजू लागले.

*

हेल्मी राहायची शाहूपुरीत, आक्कांच्या माडीवर. आक्का जैन, सत्तरीच्या, घरात एकट्या. सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून, आणि रोज सकाळी गच्चीच्या कठड्यावर पाखरांना मूठभर ज्वारी. बोलण्यात कानडी मिसळलेली. हेल्मीला त्या "हेलमव्वा" म्हणायच्या.

हेल्मी आली होती पतंग मोजायला. रात्री दिव्यावर येतात ते पतंग हो! तिने गच्चीवर पांढरी चादर बांधली, मोठा दिवा लावला आणि खाली औषध घातलेली बरणी ठेवली. सकाळी आक्का ज्वारी घेऊन वर गेल्या, तर बरणी गळ्यापर्यंत भरलेली.

आक्का खाली आल्या, चूल पेटवली नाही, दिवसभर पाणीही घेतलं नाही. दुपारी मी गेले तेव्हा जिन्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तिला काय म्हणायचं गं? ती पोरगी हाय. पण गच्ची माझी हाय. एवढं जीव मी कुठं फेडू?"

मी वर जाऊन हेल्मीला सांगितलं. तिचा चेहरा पडला. ती खाली येऊन आक्कांच्या शेजारी जिन्यावर बसली. मग आक्कांनी विचारलं, "मारल्याबिगर मोजता येत न्हाई व्हय, हेलमव्वा?"

शास्त्रज्ञ बाई दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "पतंग राहू दे. ऐकून मोजता येतं अशा गोष्टी मोजू." आणि आमचा अख्खा प्रोजेक्ट बदलला! बरण्या गेल्या आणि रेकॉर्डर आले. हिरवे, साबणाच्या डबीएवढे, झाडाला पट्ट्याने बांधायचे. ते आपले चोवीस तास ऐकत राहतात. कुणाला मारायचं नाही, धरायचं नाही, फक्त आवाज न्यायचा.

फक्त आवाज! त्यात काय मोठंसं, असं आम्हाला वाटलं.

*

शाहूवाडीकडे एक देवराई आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिकडे गाड्या घेऊन जाल. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. हद्दीच्या दगडापाशी चपला काढायच्या. मध्ये देव, म्हणजे शेंदूर लावलेला दगड, आणि त्याची सेवा करणारे धाकू गुरव.

या राईतून रस्ता जाणार होता. वर डोंगरावर रिसॉर्ट व्हायचं होतं, आणि राई मधोमध कापली की मोठा वळसा वाचत होता. पावसाळा संपला की काम सुरू. हरकत असेल तर पुरावा द्या, असं गावाला पत्र आलेलं. गावाकडे पुरावा काय? देव! तो कागदावर चालत नाही. धाकू गुरव ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधून फिरायचे. वाचता येत नव्हतं, पण सोडवतही नव्हतं.

हेल्मीने त्यांना शब्द दिला की या राईत काय काय राहतं ते मी मोजून देते, त्यावर रस्ता थांबेल.

गुरव म्हणाले, "मोजा की. पर आदी कौल लावाय लागंल."

कौल म्हणजे देवाला विचारणं. ओल्या फुलाच्या पाकळ्या दगडाच्या दोन्ही अंगाला चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हेल्मीकडे परवानग्यांची उशीएवढी फाइल होती, त्यात ही एकच नव्हती! तिने हात जोडून स्वच्छ मराठीत विचारलं, "मी इथे डबे लावू का?"

उजवी पडली. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. गुरवांनी आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही त्या लगेच थांबवल्या.

*

पावसाळ्यात परदेशी माणसाचे काय हाल होतात ते हेल्मीला विचारा. पासपोर्टला बुरशी आली. बुटात बेडूक निघाला. पायाला जळवा लागायच्या, त्या ती मोजून वहीत लिहायची आणि हळूच पानावर सोडायची. अण्णा म्हणायचे, "आक्कांनी पार बिगडीवली हिला."

पण महिन्याभरात तिला सोनं सापडलं. हेडफोन लावून बसली होती, एकदम उठली आणि माझ्या कानाला लावला. टक्-टक्-टक्, आणि मग बारीक शिट्टी. टक्-टक्-टक्, शिट्टी. "हा झुडपातला बेडूक," ती म्हणाली, "आणि हा आवाज आजवर कुणाच्याही नोंदीत नाही!"

चार दिवस आम्ही चिखलात गुडघ्यांवर बसून त्याला शोधलं. सापडल्या त्या जळवा. नखाएवढा प्राणी तो, पानाखाली बसला तर दिसणार कसा? म्हणजे पुरावा एकच, आवाज. तो दाखवता आला तर राई वाचणार, नाहीतर जेसीबी.

आणि याच रेकॉर्डिंगमध्ये ते दुसरं सापडलं. रोज दुपारी बारा वाजता राईतले सगळे आवाज बंद व्हायचे. बेडूक नाही, पाखरू नाही, किडा नाही. बारा वीसला पुन्हा सगळं सुरू. मी म्हटलं, मशीन बंद पडत असेल. पण पानांवरून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. तीन झाडांवरचे तीन डबे, तिन्हींत तेच.

एके दिवशी आम्ही तिघं मुद्दाम बाराला तिथे जाऊन बसलो. काही बंद झालं नाही! बुलबुल ओरडत होते, किडे किरकिरत होते, आमच्या गप्पा चालू होत्या. अण्णांना तीन शिंका आल्या. त्यांनी सेल्फी काढला, त्यावर बारा वाजून सात मिनिटं दिसतात. आमची खात्री झाली की मशीनच बिघडलंय.

संध्याकाळी ऑफिसात डब्यातलं कार्ड लावलं. बारा वाजले. आवाज बंद. बुलबुल नाही, किडे नाहीत, आम्हीही नाही. वीस मिनिटं फक्त पाणी ठिबकत होतं.

अण्णा हेडफोन लावून ते सगळं ऐकत बसले. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझी शिंक कुठं गेली?"

त्या दिवसापासून अण्णा हद्दीच्या दगडाबाहेर जीपमध्येच बसू लागले. "गाडीकडं बघाय कुणीतरी पायजे की!"

*

हेल्मी सगळं रेकॉर्डिंग एका हार्ड डिस्कवर उतरवून, ती डिस्क बिस्किटाच्या डब्यात घालून माडीवरच्या कपाटात ठेवायची. एक दिवस आक्कांचा फोन आला, लगेच या म्हणून.

गच्चीवर गेलो. कठड्यावर ज्वारी तशीच पडलेली. आणि कठडाभर पाखरं. चिमण्या, साळुंक्या, दोन पारवे, एक कावळा, सगळी एका ओळीत, एकमेकांना अंग लावून बसलेली. एकही दाण्याला चोच लावत नव्हतं. सगळ्यांची तोंडं हेल्मीच्या खिडकीकडे.

"आज चौथा दिस," आक्का म्हणाल्या. "हेलमव्वा, तुज्या खोलीत काय हाय ते सांग मला."

हेल्मीने शास्त्रज्ञासारखंच केलं. डबा चार दिवस कॉलेजात नेऊन ठेवला. पाखरांनी ज्वारी खाल्ली, भांडली, घाण केली, सगळं नेहमीसारखं. डबा परत आणला. दुसऱ्या सकाळी ओळ परत हजर! तिने वहीत तक्ता काढला, डबा आहे, डबा नाही. तक्त्याखाली निष्कर्षाची ओळ तिने कोरीच सोडली.

अण्णांनी तक्ता बघितला. त्यांना इंग्रजी येत नाही, पण मुद्दा कळला. "राईत डबं लावायचं इचारलंतं," ते म्हणाले. "राईतनं काय न्यायचं इचारलंतं व्हय?"

काटकीसुद्धा न्यायची नाही तिथून, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्ही महिनोन् महिने पोत्याने आवाज आणत होतो!

*

गुरवांकडे गेलो. पाकळ्या लावल्या. हेल्मीने विचारलं, "इथला आवाज बाहेर नेऊ का?" डावी पडली. पुन्हा कौल लावला, पुन्हा डावी. तिसऱ्यांदा विचारायला गुरवच नको म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. राई गेली तर पहिले उघड्यावर येणारे तेच, आणि वाचवायची वस्तू त्यांच्याच देवाने अडवलेली. "मी न्हाई म्हणत न्हाई, ताई. त्यो म्हणतोय."

मी भडकले. गावाच्या हरकतीची सुनावणी आठ दिवसांवर आलेली. मी हेल्मीला जीपमध्ये म्हटलं, "वेडी आहेस का? दगडावरच्या फुलासाठी पुरावा सोडणार?"

ती म्हणाली, "मी विचारलं. उत्तर आवडलं नाही म्हणून विचारलंच नाही, असं करता येत नाही. परवानगी नाही तो डेटा मी वापरत नाही. हा माझ्या विद्यापीठाचाही नियम आहे."

मग प्रश्न आला की आवाज परत कसा द्यायचा. गुरव म्हणाले डिस्क पुरा. हेल्मी म्हणाली, जंगलात इलेक्ट्रॉनिक कचरा? मुळीच नाही! शेवटी ठरलं की जसा नेला तसाच द्यायचा, म्हणजे स्पीकरवर वाजवायचा. सगळं वाजवायला महिने लागले असते. गुरवांनी एक दिवसाचं पुरे म्हणून सांगितलं, आणि हेल्मीने तोच दिवस निवडला, ज्या दिवशी आम्ही तिथे बसलो होतो.

देवासमोर छत्री धरून स्पीकर लावला. राई गप्प झाली आणि स्वतःचाच आवाज ऐकत राहिली. रेकॉर्डिंगमधले बारा वाजले. मी मनात म्हटलं, आता वीस मिनिटं फक्त पाणी.

स्पीकरमधून बुलबुल ओरडला. किडे किरकिरू लागले. मग आमच्या गप्पा आल्या, अगदी स्पष्ट. अण्णांच्या तीन शिंका. हेल्मीचं हसणं. आणि मग माझा आवाज आला, "पाणी हवंय का?"

हेल्मीने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. त्या दिवशी आम्हा तिघांकडे आपापल्या बाटल्या होत्या. मी कुणालाही पाणी विचारलं नव्हतं.

थोडा वेळ गेला. मग पुन्हा माझाच आवाज, लाडीगोडीचा, "घ्या की हो, संकोच कसला त्यात!"

हेल्मीने तिथेच बसून डिस्क पुसली. मी रडत होते. भीतीने की रागाने, ते मला तेव्हाही कळलं नाही.

*

आता शेवटचा किस्सा.

हातात काहीच उरलं नव्हतं. गुरव म्हणाले, आवाज बाहेर जात न्हाई तर सायबाला आत आणूया. कौल लावला. पाकळीवरून हात निघायच्या आत उजवी पडली.

साहेब आले. सुनावणीआधी रस्त्याच्या फाइलवर स्थळपाहणीचा शेरा मारणारे ते हेच. भला माणूस, न सांगता बूट काढले. सोबत एक कारकून, पॅड घेऊन. पंच म्हणून मी आणि अण्णा. अण्णा बऱ्याच दिवसांनी हद्दीच्या दगडाच्या आत आले, सारखे नाक दाबून.

साहेब देवासमोरच्या दगडावर छत्री धरून बसले. बारीक पाऊस होता, ढगाळलेली दुपार, बेडकांसाठी उत्तम हवा. अर्धा तास गेला. तास गेला. काही नाही! पाखरूसुद्धा नाही. गुरव देवाकडे बघत होते, आणि कमरेच्या पिशवीतलं पत्र मुठीत आवळलेलं.

साहेब उठले. "मॅडम, मी माझ्याकडून पुष्कळ थांबलो. मला इथे काही ऐकू येत नाही." त्यांनी कारकुनाला खूण केली. "लिहा. समक्ष स्थळपाहणी केली असता..."

आणि थांबले.

"बापरे," ते म्हणाले. "केवढा आवाज आहे हो हा!"

आम्ही कान टवकारले. पाणी ठिबकत होतं. बाकी काही नाही.

साहेबांनी छत्री टाकली आणि दोन्ही कानांत बोटं घातली. काढली. पुन्हा घातली. "बोटं घातली तरी येतोय! किती आहेत हे? तुम्ही सगळे गप्प का? मोठ्याने बोला ना कुणीतरी!"

हेल्मीने जवळ जाऊन विचारलं, "कसा आवाज, सर?" त्यांना ऐकूच गेलं नाही. तिने वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. त्यांनी ओठ गोल केले आणि काढून दाखवला. टक्-टक्-टक्, आणि मग बारीक शिट्टी.

हा आवाज त्यांना कुणी ऐकवला नव्हता. ऐकवायला आमच्याकडे शिल्लकच नव्हता. हेल्मीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतके महिने तिने ज्याच्यासाठी कान लावला, तो तिच्या समोर ओरडत होता आणि तिला ऐकू येत नव्हता.

साहेब गिरणीत बोलतात तसे ओरडून सांगू लागले, "लिहा! बेडकांचा आवाज! मोठ्या प्रमाणावर! आढळून आला!" कारकुनाने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा झाडांकडे, आणि लिहिलं.

सह्यांची वेळ आली. तज्ज्ञ म्हणून हेल्मीपुढे कागद धरला. ती म्हणाली, "मी ऐकला नाही. मी सही करणार नाही." कारकून म्हणाला, पंच दोन असले की भागतं. अण्णांनी सही केली. मग मी केली. ती खरी की खोटी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जीपमध्ये मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला खरंच ऐकू आला?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "पर सायबाचं त्वांड बघितलं की मी!"

सहा महिने गेले, रस्त्याचं काम थांबूनच होतं. हेल्मीचं वर्ष भरत आलं, ती फिनलंडला परतली. एका सकाळी मी वर्गातून बाहेर पडत होते तेव्हा साहेबांचा फोन आला. ओरडून बोलत होते, व्हरांड्यातली पोरं वळून बघू लागली.

"मॅडम! रस्ता वळवला! राईला धक्का नाही! वरची सही झाली, शिक्का झाला!"

"साहेब, तुमचे फार उपकार..."

"काय? मोठ्याने बोला, मोठ्याने!"

"म्हटलं, आभार मानते, साहेब!"

मग ते म्हणाले, आणि या वेळी ओरडले नाहीत,

"मॅडम, फाइल बंद झाली. आता त्याला सांगा ना, बास म्हणून."